हँडसेटवरच्या १.३० ला किती मान द्यायचा: रिब्रिदरच्या ऑक्सिजन सेलची स्पेक शीट वाचताना

नवीन ऑक्सिजन सेल घेतला की पाकिटात एक चतकोर घडी घातलेला कागद येतो, बारीक अक्षरात, आणि बहुतेक जण तो पाकिटासकट डस्टबिनमध्ये टाकतात. मीही टाकायचो. तारकर्लीला साध्या सिलेंडरवर डायव्हिंग शिकलो तेव्हा असल्या कागदांशी संबंधच नव्हता, मग काही वर्षांनी दहाबला, म्हणजे इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावर, रिब्रिदरचा, म्हणजे सोडलेला श्वास गाळून, त्यात ऑक्सिजन घालून परत देणाऱ्या मशीनचा, कोर्स केला तेव्हा इन्स्ट्रक्टरने दुसऱ्याच दिवशी विचारलं, हँडसेटवर, म्हणजे मशीनच्या छोट्या स्क्रीनवर, ऑक्सिजनचा दाब १.३० दिसतंय तर लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरतो त्या बंद वाटेत, खरं किती आहे? मी म्हटलं १.३०. तो म्हणाला, असं म्हणणारा माणूस दोन दशांश स्थळांवर फार लवकर विश्वास ठेवतो. तेव्हापासून कागद जपून ठेवतो आणि आता तो कसा वाचायचा ते इथे लिहितोय. कोर्स केलेल्यांसाठी आणि करायच्या विचारात असलेल्यांसाठी आहे हे, वाचून कोणी मशीन पाठीवर चढवू नका.

आधी सेल म्हणजे काय ते दोन मिनिटांत उरकू. ती एक बॅटरीच आहे, ऑक्सिजनवर चालणारी. पुढे टेफ्लॉनचा पातळ पडदा, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, आणि शिशाचा अॅनोड. पडद्यातून जितका ऑक्सिजन आत शिरतो तितकं शिसं त्याच्याशी संयोग पावतं, तितका करंट निघतो, तो करंट एका रेझिस्टरमधून जातो आणि आपल्याला मिलिव्होल्ट मिळतात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, सेल टक्के मोजत नाही, तो ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतो, ज्याला आपण डायव्हर लोक सरसकट पीपीओटू म्हणतो. आणि शिसं खर्च होतं. संपतं. हे शेवटचं वाक्य पुढे लागणार आहे.

आता कागद उघडा. पहिली ओळ असते सिग्नल आउटपुटची, म्हणजे हवेत किती मिलिव्होल्ट. डायव्हिंगच्या सेलला साधारण ८ ते १४ च्या मधली काहीतरी रेंज दिलेली असते, आणि नवीन माणूस इथेच अडकतो, की माझा एक सेल ९.२ देतोय, दुसरा १२.१, मग एक खराब आहे का. नाही हो. प्रत्येक सेलचा पडदा, आतली बनावट थोडी वेगळी, म्हणून तर कॅलिब्रेशन करतो आपण, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर प्रत्येक सेलचा आकडा जुळवून घेतो. ९ वाला सेल ९ वरच टिकून असेल तर तो उत्तम सेल आहे. १२ वाला तीन महिन्यांत ११ वर आला तर त्याच्यावर डोळा ठेवा. आकडा केवढा यापेक्षा आकडा हलतोय का हे महत्त्वाचं.

माझ्याच एका सेलचं उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीला, कोरड्या हवेत तो १०.६ मिलिव्होल्ट देतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, दाब १.०१३ बार, म्हणजे पीपीओटू साधारण ०.२१२ बार. भागाकार केला की ५० मिलिव्होल्ट प्रति बार येतात. हा प्रति बारचा आकडा प्रत्येक सेलसाठी काढून वहीत लिहायचा, कारण मग सगळं तोंडी होतं: शुद्ध ऑक्सिजनमध्ये साधारण ५०.७, १.३ बारला ६५, १.६ बारला ८०. हँडसेटवर मिलिव्होल्टचा स्क्रीन असतो तो बघायची सवय लावून घ्या, कारण पीपीओटूचा आकडा हा कॅलिब्रेशनमधून गाळून आलेला असतो, मिलिव्होल्ट मात्र सेलच्या स्वतःच्या तोंडचे असतात.

आणि आता गंमत. तोच सेल मी पुण्यात घरी टेबलावर तपासला तर ९.९ दाखवतो. सेल म्हातारा झाला का? नाही, पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, दाब जेमतेम ०.९५ बार, त्यामुळे हवेतला पीपीओटूच कमी. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी विक्रेत्याला चिडून मेसेज टाकला होता, नंतर गुपचूप डिलीट केला. उलट जूनमध्ये मालवणला, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला असताना, तोच सेल १०.२ च्या आसपास येतो, कारण दमट हवेतली वाफ ऑक्सिजनची जागा खाते. ३० डिग्रीला पूर्ण भिजलेल्या हवेत वाफेचाच दाब ०.०४२ बार असतो. तेव्हा सेलला नावं ठेवायच्या आधी आपण कुठे उभे आहोत ते बघायचं.

एक टक्का, पण कशाचा?

दुसरी ओळ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. अॅक्युरसी, अधिक-उणे १ टक्का किंवा २ टक्के, आणि पुढे दोन शब्द, फुल स्केल. कर्ज घेताना फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग रेट यात जशी मेख असते ना, फ्लॅटमध्ये मुद्दल फिटत आलं तरी व्याज मूळ रकमेवरच, तशीच मेख इथे. फुल स्केलचा १ टक्का म्हणजे मीटरच्या सगळ्यात मोठ्या आकड्याचा १ टक्का, तुम्ही कुठेही असा. स्केल २ बारचा असेल तर १ टक्का म्हणजे ०.०२ बार. १.३० वर हा ०.०२ म्हणजे दीड टक्का, चालून जातं. पण ०.२१ वर तोच ०.०२ म्हणजे जवळपास १० टक्के! म्हणजे पृष्ठभागावर हँडसेट ०.१९ किंवा ०.२३ दाखवत असेल तरी सेल आपल्या वचनात बसतोय. याउलट काही कागदांवर ऑफ रीडिंग असं लिहिलेलं असतं, म्हणजे दिसतोय त्या आकड्याचा टक्का. दोन कंपन्यांचे सेल शेजारी ठेवून कोण जास्त अचूक असं ठरवायचं असेल तर आधी दोन्ही आकडे बारमध्ये बदला, नाहीतर ती तुलना वांग्याची आणि किलोची होईल.

आणखी एक, स्केल कुठपर्यंत आहे तेही बघा. हॉस्पिटल आणि कारखान्यातल्या कामासाठी बनलेले सेल बरेचदा ० ते १०० टक्के असे दिलेले असतात, म्हणजे समुद्रसपाटीला १ बारपर्यंत. दिसायला सारखे, आटे सारखे, कधीकधी कनेक्टरही सारखा, आणि स्वस्त. पण आपण तर १.३ वर राहतो आणि ६ मीटरवर १.६ पर्यंत जातो. १ बारच्या पुढे तो सेल कसा वागेल याची हमी त्या कागदावर नसतेच. चार पैसे वाचवायची ही जागा नाही, मशीनच्या मॅन्युअलमध्ये जो सेल सांगितलाय तोच घ्या.

त्याच ओळीच्या शेवटी बहुतेक वेळा अजून एक अट असते, स्थिर तापमान आणि स्थिर दाबाला. खरी गोम इथेच आहे. लॅबमध्ये सेल एका डब्यात २५ डिग्रीला शांत बसलेला असतो. आपला सेल कुठे असतो? स्क्रबरमधून, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्यातून, चुन्याच्या रिअॅक्शनने तापलेली, ओलीचिंब हवा त्याच्या तोंडावर, पाठीमागे थंड पाण्याने गार झालेलं कव्हर, आणि दाब दर मीटरला बदलतोय. म्हणून कागदावर तापमानाची वेगळी ओळ असते, टेम्परेचर कॉम्पेन्सेशन, त्याची चूक वेगळी मोजायची. पडद्यातून ऑक्सिजन शिरण्याचा वेग दर डिग्रीला अडीच टक्क्यांच्या आसपास बदलतो, तो सांभाळायला सेलच्या पाठीमागच्या सर्किटवर तापमान ओळखणारा एक थर्मिस्टर बसवलेला असतो. पण पडदा पुढे आणि थर्मिस्टर मागे. पुढचं तापमान पटकन बदलतं, मागचं सावकाश, आणि दोघं एकमेकांना गाठेपर्यंत आकडा थोडा खोटा असतो. बोटीवर उन्हात तापलेल्या मशीनवर घाईघाईत कॅलिब्रेशन करून लगेच २२ डिग्रीच्या पाण्यात उडी मारली की पहिली काही मिनिटं मशीनमधले तिन्ही सेल तीन सूर लावतात ते यामुळे. सावलीत कॅलिब्रेट करा, आणि प्री-ब्रीद करताना, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी मशीनवर श्वास घेताना, आकडे कसे स्थिरावतात ते बघा.

रिस्पॉन्स टाइमची ओळ मी फार मनावर घेत नाही. ६ सेकंदांत ९० टक्के असं काहीसं लिहिलेलं असतं, म्हणजे उरलेल्या १० टक्क्यांना अजून वेळ लागतो, फ्लश केल्यावर, म्हणजे लूपमधला गॅस बदलल्यावर, लगेच निकाल लावायचा नाही इतकाच अर्थ. पण एखादा सेल बाकीच्या दोघांच्या मागून रखडत येत असेल तर त्याच्या तोंडावर बहुधा पाण्याचा थेंब बसलेला असतो. थेंबाच्या आड सेलला लूपमधला नवीन गॅस दिसतच नाही, तो जुनंच काहीतरी सांगत बसतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आकडा एकदम स्थिर आणि शहाणा दिसतो. जो सेल अजिबात हलत नाही त्याच्यावर संशय घ्या.

हिशोब मांडू या

आता हे सगळं एका जागी आणू, १.३० साठी, सगळं नीट चाललंय असं धरून. सेलची स्वतःची चूक, २ बारच्या स्केलवर १ टक्का, ०.०२. तापमानाची, अडीच टक्के धरली तर ०.०३ ला थोडं वर. कॅलिब्रेशनची, म्हणजे लूपमध्ये खरंच १०० टक्के ऑक्सिजन होता का, बाहेरचा दाब बरोबर धरला का, ओलावा किती होता, मिळून २ टक्के धरा, ०.०२६. इलेक्ट्रॉनिक्सची ०.०१. सगळ्या चुका एकाच दिशेला गेल्या तर बेरीज ०.०९ च्या जवळ. पण त्या सहसा एकत्र कट करत नाहीत, म्हणून वर्ग करून बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.०५ च्या आत येतं. म्हणजे १.३० ला मी १.२५ ते १.३५ असं वाचतो आणि वाईट दिवशी १.२१ ते १.३९. हे टक्के माझे धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या कागदावरचे घाला.

याचा उपयोग काय, तर दोन. एक, सेटपॉइंट, म्हणजे मशीनने धरून ठेवायचा पीपीओटू, १.४ ला लावून मी अचूक राहीन असं म्हणणाऱ्याला कळतं की तो १.४८ वर असू शकतो. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या तक्त्यात ऑक्सिजनची विषबाधा टाळायला १.३ ला एका वेळची मर्यादा १८० मिनिटं होती, १.४ ला १५०, १.६ ला फक्त ४५, तेव्हा वरच्या बाजूला किती पटकन जागा संपते ते बघा. दोन, तीन सेल १.२८, १.३१, १.३३ दाखवत असतील तर घाबरायचं कारण नाही, ते एकमेकांशी सहमत आहेत. नवखा डायव्हर ०.०३ च्या फरकावर सगळी डाइव्ह घालवतो, मीही घालवलीय, पूर्ण वीस मिनिटं कोरल सोडून हँडसेटकडे बघत.

कॅलिब्रेशनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण वरच्या हिशोबातला हा एकच भाग पूर्णपणे आपल्या हातात आहे. समजा फ्लश अर्धवट केलं आणि लूपमध्ये ९५ टक्केच ऑक्सिजन होता, पण कॉम्प्युटरला वाटलं १००. आता तो कायम ५ टक्के जास्त दाखवणार, म्हणजे १.३० दिसेल तेव्हा खरं १.२४ च्या खाली. ऑक्सिजन कमी, म्हणजे नायट्रोजन किंवा हेलियम जास्त, म्हणजे तुमचा डीकोचा, म्हणजे वर येताना किती थांबायचं याचा, हिशोब आशावादी. दाबाचंही तेच. बहुतेक नव्या हँडसेटमध्ये दाबाचा सेन्सर असतो, पण सेटिंग समुद्रसपाटीवर अडकलेलं असेल आणि तुम्ही पुण्यात घरी कॅलिब्रेट करून पहाटे कोकणात उतरलात तर तिथेही ६-७ टक्क्यांची माती. समुद्राकाठीच, त्या दिवशीच, त्या सिलेंडरवरच करा. फ्लश करताना मिलिव्होल्ट वर चढायचे थांबेपर्यंत थांबा, घड्याळ बघून नाही.

मग ताळा. हवेतले मिलिव्होल्ट गुणिले ४.७७, ते शुद्ध ऑक्सिजनच्या मिलिव्होल्टच्या जवळ यायला हवेत. १०.६ चे ५०.६. कोकणातल्या दमट हवेत १०.२ चे ४८.७ येतील आणि ऑक्सिजनमध्ये प्रत्यक्ष ५०.७ दिसेल, हे ठीक आहे, फरक वाफेचा आहे. पण उलटं झालं, म्हणजे ऑक्सिजनमध्ये ४६ च आले, आणि फ्लश नीट झालंय आणि बाकीचे दोन सेल बरोबर आहेत, तर त्या सेलला वरच्या टोकाला दम लागतोय. काढा.

कागदावर जे नसतं

इथे ते शिसं आठवा. शिसं खर्च होत जातं तसा सेल कमी दाबाला बरोबर चालतो, हवेत १०.६, सगळं झकास, पण ऑक्सिजन वाढला की एका हद्दीपुढे तेवढा करंट तो काढूच शकत नाही. याला करंट लिमिटेड सेल म्हणतात. असा सेल १.१५ ला जाऊन अडकतो, लूपमध्ये १.५ असो की १.७. आणि कंट्रोलरला १.३० हवंय. तो सोलेनॉइड, म्हणजे ऑक्सिजनची विजेवरची झडप, उघडतो, ऑक्सिजन टाकतो, सेल म्हणतो १.१५, तो परत टाकतो. अॅक्युरसीच्या ओळीत हे कुठेच नसतं, कारण ती ओळ धडधाकट सेलची आहे.

तीन सेल असतात ना, मग काय बिघडतं, असं वाटतं. तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात ते इथे शब्दशः होतं. बहुतेक मशीनचं लॉजिक बहुमताचं, जवळजवळच्या दोघांची सरासरी धरायची आणि वेगळं बोलणाऱ्याला गप्प करायचं. आता तिन्ही सेल एकाच दिवशी, एकाच बॅचचे घेतलेले, एकाच माळेचे मणी, एकत्रच म्हातारे होणार. हँडसेटवर दिसतं १.१५, १.१६, १.४८. मशीन तिसऱ्याला वेडा ठरवतं, आणि खरं बोलणारा तोच एक असतो. म्हणून सेल एकदम तीन बदलू नका, वेळा पुढेमागे ठेवा, वेगवेगळ्या बॅचचे घ्या. आणि असं चित्र पाण्यात दिसलं तर कोण खरं यावर विचार करत बसायचं नाही, बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या वेगळ्या सिलेंडरवर, जायचं. तोंडात खात्रीचा गॅस आला की मग शांतपणे डिल फ्लश करून बघा, म्हणजे लूप डायल्युएंट या ठरलेल्या मिश्रणाच्या गॅसने भरून बघा: हवेचं डिल असेल तर २० मीटरवर ०.६३, ३० मीटरवर ०.८४ यायला हवं, गॅस ठरलेला, खोली ठरलेली, उत्तर एकच. फक्त हे विसरू नका की डिल फ्लशने खालच्या आकड्यांची परीक्षा होते, आणि करंट लिमिटेड सेल खालच्या परीक्षेत पहिला नंबर काढतो. वरची परीक्षा म्हणजे ६ मीटरवर ऑक्सिजन फ्लश, तिथे १.६ च्या आसपास यायला हवं, ओलावा आणि लूपमधला उरलेला गॅस धरून १.५ च्या वर असेल तरी चालतं, १.२ वर अडकला तर नाही. त्याहून बरं म्हणजे घरीच प्रेशर पॉटमध्ये, छोटासा डबा असतो, ऑक्सिजन भरून २ बारपर्यंत नेता येतो, सेल वर जातो का ते सोफ्यावर बसून कळतं.

आयुष्याची ओळ पण वाचा, तिच्यात मजा आहे. हवेत २५ डिग्रीला ३६ महिने असं काहीतरी असतं, किंवा ऑक्सिजन टक्के-तासात. गणित करा: वर्षभर नुसता कपाटात, हवेत पडलेला सेल ८७६० तास गुणिले २०.९, म्हणजे १ लाख ८३ हजार टक्के-तास खातो. आणि वर्षात १०० तास १.३ वर डाइव्ह केल्या तर १३ हजार. म्हणजे डाइव्ह करून नाही, सेल कपाटात बसून मरतो! म्हणून फार वापरलाच नाही हो, अजून नवाच आहे, हे वाक्य सेकंडहँड मशीन विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं की हसायचं आणि तारीख विचारायची. वापरायला लागल्यापासून १२ महिने किंवा बनवल्यापासून १८ महिने, यात जे आधी येईल तेव्हा काढायचा, हा रिवाज मी पाळतो, कागद ३६ म्हणो की ४८. बनवल्याची तारीख सेलवर कोडमध्ये असते, तो कोड वाचायला शिका. मी एकदा ऑनलाइन तीन सेल मागवले, ते कस्टमच्या गोदामात मे महिनाभर भाजून निघाले, हातात आले तेव्हा बनवून दहा महिने झाले होते आणि पाकिटावर एक्स्पायरी मात्र छान पुढची. पैसे परत मिळाले नाहीत. गाडीच्या डिकीत उन्हात मशीन ठेवणाऱ्यांनी पण हे वाचावं, आतलं पाणी सुकतं.

वही कशी ठेवायची ते सांगतो आणि थांबतो. प्रत्येक सेलवर मार्करने नंबर आणि बसवल्याची तारीख. वहीत प्रत्येक कॅलिब्रेशनला जागा, हवामान, हवेतले आणि ऑक्सिजनमधले मिलिव्होल्ट. बास. माझ्या वहीत दोन नंबरचा सेल चार नोंदींत ५०.८, ५०.१, ४८.९, ४७.० असा उतरलाय, हँडसेटने चारही वेळा कॅलिब्रेशन पास म्हणून सांगितलं, कारण त्याच्या रेंजमध्ये तो बसतच होता. शेवटच्या नोंदीनंतर काढला. काढलेला सेल फोडून बघू नका, आतलं द्रावण कातडी जाळतं, बोटांना साबणासारखं गुळगुळीत लागलं तर सेल गळतोय, भरपूर पाण्याने हात धुवा. शिसं आहे म्हणून ओल्या कचऱ्यातही नाही, ई-कचऱ्यात द्या. माझे चार सध्या बाल्कनीत एका बरणीत आहेत, बायकोने बरणीवर मोठ्या अक्षरात लोणचं नाही असं लिहून ठेवलंय.